काय काय येतं

पूजेतलं इष्टलिंग हातातून घसरलं, पितळी ताटलीच्या काठावर आपटलं आणि घरंगळत पाटाखाली जाऊन थांबलं, तेव्हा काशम्माला आधी वाटलं, शेजारच्या घरात कुणाचं काहीतरी पडलं. आवाजच तसा परका होता, सुपारी पडावी तेवढा. मग तिनं आपल्या डाव्या हाताकडं पाहिलं. तळहात वर होता, बोटं जशी वळायची तशी वळलेली होती, विभूतीचा डाग होता, बेलाचं पान होतं, आणि मधोमध जिथं लिंग असायला पाहिजे तिथं नुसता हात होता. सत्तरीला टेकलेल्या बाईचा, रेघा पुसत चाललेला हात. जन्मल्यावर बाळंतिणीच्या खोलीतच तिच्या गळ्यात बांधलेलं ते जांभळाएवढं काळं लिंग रोज सकाळी ह्याच तळहातावर बसत आलं होतं. लग्नाच्या दिवशी बसलं. एकुलता एक मुलगा रुद्रप्पा बार्शीच्या रस्त्यावर लॉरीखाली गेला, त्याच्या दुसऱ्या दिवशीही बसलं. तिनं उजव्या हातानं पाट सरकवला, लिंग उचललं, कपाळाला लावलं, वस्त्रात गुंडाळलं आणि चांदीच्या डबीत घालून डबी गळ्यात टाकली. हे सगळं अशा सराईतपणानं केलं की कुणी बघितलं असतं तर पूजा आटोपली असंच म्हटलं असतं. पण कुणी बघितलं नव्हतं. स्वयंपाकघरात सून नीलम्मा भाकरी थापत होती, तिचा ताल चुकला नव्हता, आणि फळीच्या भिंतीपलीकडं नातू सोमलिंग मोठ्यानं म्हणत होता, "कांजी ओ योमु कोतो गा देकिमास." थांबून पुन्हा, "कांजी ओ योमु कोतो गा देकिमास." एखाद्यानं जप धरावा तसं.

दिवाळीपासून घरात हे चाललं होतं. सोमलिंग टॉवेलच्या कारखान्यात फिटर होता. बहात्तरचा दुष्काळ मागं पडल्यावर मालकाला हुरूप आला होता, त्यानं जपानचे माग मागवले होते, आणि ते माग कसे बसवायचे, अडले तर कसे उघडायचे हे शिकायला दोघं जण सहा महिने तिकडं जाणार होते. त्या दोघांत सोमलिंगचं नाव होतं. नाव गळालं तर झेलायला कल्लप्पा म्हणून एक जण टपून बसला होता. जाण्याआधी मुंबईला एक जपानी साहेब त्यांना बघणार होता, त्यांच्या भाषेत सोपे सवाल करणार होता, नाव काय, गाव कुठलं, काय काय करता येतं. म्हणून ही शिकवणी. शिकवायला अण्णाराव मास्तर. मास्तर कसले, कारखान्याच्या गोदामातले कारकून. लढाईत सिंगापूरला जपान्यांच्या कैदेत सापडले, तिथं ती भाषा अंगाला चिकटली, आणि तीस वर्षं कुणी विचारली नव्हती ती आता एकाएकी कामाला आली. सोमलिंग शिकलेलं घरी येऊन आजीला सांगायचा. आईला सांगायला जावं तर ती तव्याकडं बघत व्हय व्हय म्हणायची. आजी निदान भांडायची तरी.

"बग अज्जी, आदी काम सांगायचं. कांजी म्हंजे त्यांची अक्षरं, योमु म्हंजे वाचनं. मग म्हनायचं कोतो गा. म्हंजे ते जे काम हाय ते. मग देकिमास. येतं."

"आन् येत नसलं तर?"

"देकिमासेन."

"म्हंजे शेवटापतुर ऐकल्याबिगर येतं का न्हाय ते कळायचंच न्हाय."

"आपल्यात तरी कुटं कळतं? मला कानडी वाचायला, म्हनलं, की तू शेवटाची वाट बगत बसतीस का न्हाई?"

हे काशम्माला पटलं होतं आणि म्हणूनच ती पटल्याचं बोलली नव्हती. मराठीतही येतंच म्हणायचं, माहेरच्या कानडीतही बरतद, येतं, म्हणायचं. काम बाहेरून कुठूनतरी चालत येतं आणि माणसाजवळ बसतं, पाव्हण्यासारखं. मी करते असं म्हणायला तोंड मोठं लागतं. मला येतं म्हटलं की त्यात आपला काही गुन्हा नाही. जपानच्या लोकांनाही हे कळतं म्हणजे ते अगदीच वाया गेलेले नसावेत. पण एकदा आलेलं उठून जातं कधी, आणि जाताना सांगून जातं का, हे त्या धड्यात होतं की नाही कोण जाणे. तिनं ते विचारलं नव्हतं. तिनं एवढंच विचारलं होतं की ओयोगु म्हणजे पोहणं, ते तुला कुठं येतं, सिद्धेश्वराच्या तळ्यात पाय घातलास तर तुझ्या आईला घाम फुटतो. सोमलिंग म्हणाला होता, धड्यात हाय तसं म्हनायचं. मास्तर म्हनतेत, काय बी इचारलं तरी देकिमास म्हन, शिकायचं मागनं. त्यावर ती खो खो हसली होती. "मंग असं म्हन की सोम्या! पोरगी बगायला आल्यात. हळद लावू का तुला?"

कारण तिलाही असंच विचारलं होतं. अक्कलकोटाकडच्या माहेरच्या घरात, मागच्या पडवीत, परकर पायात अडकत होता एवढ्या वयाची ती, आणि समोर चंद्रव्वा, पुढं झालेली सासू, पानाचा विडा गालात धरून. काय काय येतं? भाकरी येते? येते. दळण येतं? येतं. शेवया येतात? बापानं आधी बजावलं होतं, नाही म्हणायचं नाही, म्हणून येतात. शेवया तिनं आयुष्यात वळल्या नव्हत्या. लग्न होऊन ती सोलापूरला आली, आणि उन्हाळा लागताच चंद्रव्वानं भिजवलेला रवा आणि पाट तिच्यापुढं ठेवला. तार निघेना. गाठी निघाल्या. ती रडत म्हणाली, "आगंगिल्ल," व्हत न्हाय माझ्यानं. चंद्रव्वा ओरडली नाही. ती म्हणाली, ह्या घरात त्या शब्दाला जागा नाही, तार निघाली की जेवायला ये. दिवेलागणीला तार निघाली. अशी निघाली की पुढं गल्लीतल्या बायका बघायला यायच्या. त्या दिवसापासून काशम्मा तो शब्द बोलली नाही. आणि रुद्रप्पाचं लग्न झाल्यावर तिनं तो नीलम्माच्या तोंडातूनही उपटून काढला. नीलम्मा आल्या आल्या दोन-चारदा म्हणाली असेल, अत्ती, हे मला जमत न्हाय. काशम्मानं एवढंच विचारलं होतं, "मंग कुनाला जमतंय? शेजारनीला बोलवू?" नीलम्मा मुकाट झाली ती झालीच. नवरा गेल्यावर तर तिचं बोलणं व्हय आणि न्हाय ह्या दोन दगडांवरून ओढा ओलांडावा तसं झालं होतं.

हात काही आज गेला नव्हता. शेंगा फोडता फोडता डाव्या हाताची दोन बोटं झोपी जायची, ती चोळून उठवावी लागायची. पावसाळ्यात हातातून पाण्याचा पेला सुटला, तेव्हा तिनं पेल्याला शिव्या घातल्या. ही स्टीलची भांडी मेली गुळगुळीत, पितळेला धर असते. नीलम्मा दुसऱ्या दिवशी पितळेचा पेला घेऊन आली. तोही सुटला. मग काशम्मा उजव्या हातानं पाणी पिऊ लागली आणि सगळ्यांना वाटलं ती पूर्वीपासून तशीच पीत होती. पण लिंग उजव्या हातात घ्यायची रीत नाही. पाटावर ठेवायची तर नाहीच नाही. आणि ज्याचं लिंग त्याच्याच हातात; दुसऱ्यानं धरून चालत नाही. दळण दुसऱ्याकडून आणता येतं, पाणी दुसऱ्याकडून भरून घेता येतं, हे एकच काम असं की घरात माणसं कितीही असली तरी बाई एकटीच. आणि पडलं तर? माहेरी तिची एक चुलत आजी होती, सिद्धव्वा. विहिरीवर वाकताना तिचा दोरा तुटला आणि लिंग पाण्यात गेलं. ती विहिरीच्या काठावर जी बसली ती उठेना. पूजा नाही तर अन्न नाही. मठाचे अय्या येऊन दुसरं लिंग बांधीपर्यंत सिद्धव्वाचे ओठ सालपटासारखे झाले होते. काशम्मा तेव्हा लहान होती, तिला त्या ओठांची भीती वाटली होती आणि हेवाही वाटला होता. सगळं गाव विहिरीवर येऊन हात जोडत होतं.

इथं विहीर नव्हती. मठाचे अय्या लग्नांच्या गडबडीत कर्नाटकाकडं गेले होते, कधी परततील त्याचा नेम नव्हता. निरोप पाठवायचा तर निरोपात कारण सांगावं लागणार. काशम्मा पूजेच्या खोलीतून बाहेर आली ती जेवायचं नाही हे ठरवून. का नाही हे कुणाला सांगायचं नाही, हेही ठरवून. अशी दोन ओझी एकदम उचलायची तिला सवय होती.

आणि मग दुपारी मासा आला. तो कुणी आणला नव्हता. सोमलिंग पाटावर बसून कडक भाकरी मोडत होता, शेंगांच्या चटणीत बोट फिरवत तोंडानं धडा म्हणत होता, आणि काशम्मा चौकटीला टेकून उभी राहिली होती. काहीतरी बोलायचं म्हणून तिनं विचारलं, "आता काय येतंय नवीन?"

"साकाना ओ ताबेरु कोतो गा देकिमास."

"म्हंजे?"

सोमलिंगनं भाकरीचा तुकडा खाली ठेवला. मग आईकडं बघितलं. नीलम्माचा हात परातीतल्या पिठात थांबला. "मासा," तो म्हणाला, "खाता येतो."

लिंगायताच्या ह्या घरात अंड्याचं टरफल कधी आलं नव्हतं. तव्यावर भाकरी करपायला लागली तरी नीलम्मानं उलटली नाही. तिनं घाईघाईनं काशम्माचं ताट वाढलं, लोण्याचा गोळा नेहमीपेक्षा मोठा घातला आणि ताट पुढं सरकवलं. काशम्मा म्हणाली, "मला नगं." आणि वळून आपल्या खोलीत गेली. पाठीमागं सोमलिंगचा आवाज आला, "अज्जी, ते नुसतं म्हनायचं असतं, खायाचं नसतं!" आणि नीलम्माचा दबका, "गप. बोलू नगंस आता."

घोंगडीवर आडवी झाल्यावर काशम्माच्या ध्यानात आलं की ते काय समजले. उठून सांगावं, अरे बाबांनो मासा नाही, असं एकदा तिच्या घशापर्यंत आलं. पण मासा नाही तर काय, हे मग लगेच सांगावं लागलं असतं. मासा होता ते बरं होतं. मासा आयता चालून आला होता आणि तिच्या हातावर पांघरूण घालून बसला होता. तिनं त्याला बसू दिलं. रागावलेली म्हातारी घरात शोभते. हात गेलेली म्हातारी कोपऱ्यात ठेवतात, तिच्यापुढं ताट आणून ठेवतात, आणि पाहुणे आले की तिच्याबद्दल तिच्यासमोरच बोलतात, आता त्यांना काही होत नाही. शेजारच्या कस्तुराबाईचं तसंच झालं होतं. चांगली बाजार हलवणारी बाई, आता सून विचारते, आत्याबाई, लघवीला जायचंय का, आणि चार लोकांत विचारते.

भूक पहिल्या दिवशी पोटात होती, दुसऱ्या दिवशी ती डोक्यात चढली. पाण्याला गोड वास यायला लागला. गल्लीतून मागांचा खडखडाट यायचा तो एरवी ऐकू येत नसे, इतका तो सवयीचा. आता एकेक धोटा कुठून कुठं जातो ते ऐकू यायला लागलं, आणि त्यामधून काहीतरी कमी झालंय असं वाटत राहिलं. दुपारी तिच्या ध्यानात आलं की धडा बंद झालाय. फळीच्या भिंतीपलीकडं सोमलिंग होता, खाटेचं करकरणं येत होतं, पण तोंडातून शब्द येत नव्हता. तिनं कान दिला. पोराला आपण आवाजावरून ओळखत आलो हे तिला तेव्हा कळलं. तान्हा असताना, बाप गेल्यावर आठवडाभर मुका झाला तेव्हा, आवाज फुटला तेव्हा. आता पुन्हा मुका. नीलम्मा ताट आणायची, उंबऱ्यावर ठेवायची, थोडा वेळ उभी राहायची, आणि उचलून न्यायची. एकदा म्हणाली, "दूध तरी." काशम्मानं भिंतीकडं तोंड केलं. डावा हात तिनं पदराखाली घेतला होता आणि आत तो आपला आपण हलत होता, पिशवीत धरलेल्या कोंबडीसारखा. कोंबडी म्हणताना तिची तिलाच शिसारी आली. सगळ्या उपमासुद्धा बाटत चालल्या होत्या.

संध्याकाळी अण्णाराव मास्तर आले. पाय ओढत चालायचे, त्यामुळं ते गल्लीच्या तोंडाशी असतानाच कळायचे. सोप्यात बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली. काशम्माला बाहेर यावंच लागलं. परका माणूस आल्यावर आडवं राहायची तिची रीत नव्हती. ती खांबाला धरून बसली.

"अम्मा," ते म्हणाले, "मासा माझ्यामुळं आला. खाणं शिकवायचं तर धड्यात ताटात काहीतरी वाढावं लागतं की."

"भात वाडायचा व्हता."

"भात आधीच्या धड्यात झाला."

आतून नीलम्माचं हसू आल्यासारखं झालं आणि लगेच भांड्याच्या आवाजात बुडालं.

"तुमी खाल्ला का वो मासा, तितं?"

"खाल्ला. मासा मिळाला तो दिवस सणाचा. मग गवतही खाल्लं."

"आन् आता आमच्या पोराला शिकवताय, कुनी काय बी इचारलं तर येतं म्हन."

मास्तरांनी टोपी उलटी केली, आतली मळकी कड बघितली. "मी तसंच शिकलो ना. सकाळी रांग लावायचे आणि विचारत यायचे, देकिरु का? ओझं उचलता येतं का, चालता येतं का. येत नाही म्हणणारा दुसऱ्या रांगेत. त्या रांगेतले पुन्हा दिसायचे नाहीत. म्हणून आमच्यात सगळे येतं म्हणायचे. सांगोल्याकडचा एक होता, बिरप्पा. मेंढ्या राखणारा, ताकदीचा गडी. खांद्याचं हाड मोडलेलं. कुणाला बोलला नाही, मलाही नाही. देकिमास म्हणाला. एकेक ओंडका दोघांनी धरायचा. मधे त्याचा खांदा गेला, त्याच्या बाजूनं ओंडका सुटला."

"मग मेला व्हय?"

"तो कशाला मरतोय. तो बाजूला झाला. दुसऱ्या टोकाला मी होतो." त्यांनी आपल्या पायाकडं बघितलं, दुसऱ्याचा असावा तसं. "मला सांगितलं असतं तर मी माझं टोक आधी टाकलं असतं. एवढंच."

काशम्मा इतकी वर्षं समजत होती की हा माणूस जन्मतःच लंगडा. तिला एकदम संताप आला. मास्तरांचा, त्या मेंढ्या राखणाऱ्या गड्याचा, कोण कुठल्या मुलखातल्या ओंडक्याचा. "तुमच्या पायाची गोष्ट मला कशापायी सांगताय? मी इचारली न्हाय," ती म्हणाली. "आमच्या घरात मासं खात न्हाईत." मास्तर उठले. त्यांना राग आला नव्हता. चप्पल पायात सरकवायला त्यांना वेळ लागला, आणि तेवढा वेळ काशम्मा दुसरीकडं बघत बसली. ते जाताना दारातून सोमलिंगला म्हणाले, "उद्या दुपारपर्यंत नावं मुंबईला कळवतात. बघ काय ते."

त्या रात्री तिला झोप लागली की ग्लानी आली ते सांगता यायचं नाही. सकाळी अंगणातल्या नळावर नीलम्मा भांडी घासत होती, ऊन भिंतीवरून निम्मं उतरलं होतं, आणि सोमलिंग हातात ताट घेऊन तिच्या खोलीत आला. रात्रपाळीवरून परत आला होता. अंगाला तेलाचा वास होता. त्यानं ताट तिच्यापुढं ठेवलं आणि स्वतः मांडी घालून बसला. दूध, भाकरी कुस्करलेली, वर गूळ. तो लहान असताना ती त्याला द्यायची तसं.

"जेव आता," तो म्हणाला. "मी न्हाय जात."

"काय?"

"सांगून आलो मॅनेजरला. घरी चालत न्हाय म्हनलं. कल्लप्पाचं नाव घाला म्हनलं." तो हसला. वाईट हसला नाही, ते जास्त वाईट होतं. "मासा न्हाय, जपान न्हाय, काय न्हाय. जेव की, अज्जी. तोंड बग तुजं."

आणि काशम्माला गोड वाटलं. हे लपवून काय करायचं? क्षणभर, जिभेवर गूळ ठेवावा तसं, सगळ्या अंगातून गोड गेलं. आपण दोन दिवस ताट लोटलं आणि समुद्रापलीकडं निघालेला पोरगा दारातून फिरला. सगळं गाव विहिरीवर येऊन हात जोडून उभं. आता भाकरी खायची, पोरगा घरात राहायचा, माग बसवायला कल्लप्पा शिकायचा आणि सोमलिंगनं त्याच्या हाताखाली नट आवळायचे पाने धरायचे, आणि तिचा हात पदराखाली. कुणालाही काही कळणार नाही. सोमलिंगलासुद्धा नाही. तो म्हातारा होईल, नातवंडांना सांगेल, आमची अज्जी कडक होती, तिनं मला जाऊ दिलं नाही, माशावरून. ते त्याला खरंच वाटत राहील. तिनं त्याच्या बोटांकडं बघितलं. नखांत काळं तेल, अंगठ्याला कापल्याची खूण. रुद्रप्पाची बोटं अशीच आखूड होती. दूध थंड होऊन त्यावर साय धरत होती, आणि तिला दिसलं की पोरगा तिच्याकडं बघत नाही, त्या सायीकडं बघतोय, आणि त्याला लवकर हे संपायला पाहिजे आहे, म्हणजे बाहेर जाऊन कुठंतरी एकटं बसता येईल.

"सोमा," ती म्हणाली. "मासा न्हाय रं."

"आता ऱ्हाऊ दे ना ते."

"ऐक म्हनते तर. मासा न्हाय. लिंग पडलं माझ्या हातातनं. सोमवारी. पूजा हुईना म्हनून जेवले न्हाय." पुढचं बोलायला तिला शब्द मिळेना. जो मिळाला तो इतक्या वर्षांनी मिळाला की तो कानडीतूनच आला. "आगंगिल्ल. माझ्यानं हुत न्हाय. हात गेला ह्यो." आणि तिनं पदराखालून हात बाहेर काढला आणि दुधाच्या ताटावर धरला, तळवा वर करून. तो हलत होता. थांबव म्हटलं तरी थांबत नव्हता.

सोमलिंग हाताकडं बघत राहिला. पण पहिला आवाज दारातून आला. नीलम्मा उभी होती, कोपरापर्यंत राखेचे हात.

"सोमवारपासनं?" ती म्हणाली.

काशम्मानं मान हलवली.

"आन् माझ्या पोराला सोमवारपासनं गुन्हेगारावानी बसवलं. जेवला न्हाय त्यो बी, ठाव हाय का तुमाला? ताट घ्यायचा आन् भाईर कुत्र्याला घालायचा. मला वाटलं, जाऊ दे, अत्तीचा जीव मोटा का परदेस मोटा. मीच त्याला म्हनलं, जा, नगं म्हनून ये. मी म्हनलं!" तिचा आवाज चिरकला आणि ती थांबली नाही. "एक वाक्य बोलायला काय झालं व्हतं? माझ्याशी बोलायचं न्हवतं तर त्याच्याशी. त्याच्याशी न्हाय तर भितीशी बोलायचं, मी ऐकलं असतं. भितीआड काय मी मेले व्हते?"

काशम्मानं उजव्या हातानं दुधाचं ताट सोमलिंगपुढं सरकवलं.

नीलम्मा मुलाकडं वळली. "बसलायस काय? सायकल काड. मॅनेजरला सांग, आज्जीचं दुखनं व्हतं, घरात घोळ झाला, मी येतो. पाय धर त्याचं. पळ." सोमलिंग उठला. जाता जाता त्यानं आजीच्या त्या हलत्या हाताला बोट लावलं, गरम तव्याला लावावं तसं, आणि गेला. सायकलची साखळी अंगणात खडखडली, घंटी गल्लीच्या वळणावर वाजली, आणि मागांच्या आवाजात मिसळली.

दोघी राहिल्या. नीलम्मा बाहेर गेली. काशम्माला वाटलं, आता ती येणार नाही, आणि ते योग्यच होईल. नळाचं पाणी वाहिल्याचा आवाज आला. मग नीलम्मा ओल्या हातांनी आत आली, पूजेची ताटली, विभूती, पाण्याचा तांब्या सगळं खोलीतच आणून तिनं पाटावर मांडलं आणि समोर बसली. हात पुसलेले नव्हते, राग गेलेला नव्हता. नाकपुड्या फुललेल्या होत्या.

"लिंग काडा."

"अय्या आल्याबिगर..."

"अय्या येतील तवा काय म्हनायचं ते म्हनतील. तुमी काय टाकलं न्हाय ते. पडलं."

"आन् धरनार कोन? दुसऱ्यानं धरू ने."

"मी लिंगाला हात लावत न्हाय. तुमच्या हाताला लावते. त्याला काय कुनी मना केलंय का?"

कुणी मना केलं होतं का? कुणी कधी विचारलं होतं का? काशम्मानं डबी उघडली. उजव्या हातानं वस्त्र सोडलं. आणि डावा हात पुढं केल्यावर खालून नीलम्माचा तळहात आला आणि त्याला टेकला. इतकी वर्षं एका घरात काढली, पण हा हात तिनं कधी धरला नव्हता. वाढताना बघितला होता, थापताना बघितला होता. तो खरखरीत होता, बोटांच्या पेरांवर तव्याचे जुने चटके होते, अंगठ्याच्या खाली राखेची कचकच अजून लागत होती, आणि तो अपेक्षेपेक्षा मोठा होता. तिचा हात त्याच्यात बसला आणि हलत राहिला. फक्त आता हलायला जागा कमी होती. लिंग तळव्यावर आलं. पाणी घालताना चार थेंब नीलम्माच्या मनगटावरून कोपराकडं ओघळले. तिनं ते पुसले नाहीत. काशम्माला मंत्र आठवेना, मग नुसता ओठ हलवला तर आठवला.

अंगणात सायकल आपटल्याचा आवाज आला. स्टँडवर लावलेली नाही, भिंतीला टाकलेली. धाप लागलेला श्वास उंबऱ्यापर्यंत आला आणि तिथंच थांबला. "आई," सोमलिंग म्हणाला, "कागद मुंबईला गेला व्हता..." आणि त्याला श्वास पुरेना.

काशम्माची मान वळायला लागली. सगळं अंग त्या आवाजाकडं निघालं, पाठ, खांदा, हातसुद्धा.

"हलू नगा," नीलम्मा म्हणाली.

चंद्रव्वा गेल्यापासून काशम्माला असं कुणी बोललं नव्हतं. ती हलली नाही.